सांगण्याची वाट न पाहता: मंडळीच्या (चर्चच्या) बालसेवेत नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

एका रविवारी वर्ग चालू असताना मी पाणी आणायला बाहेर आले, तर दाराजवळच्या पायरीवर एक मुलगा एकटाच बसला होता. वय अकरा-बारा. आत सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर हात हलवत कृतिगीतं म्हणायची त्याला लाज वाटायची, आणि मोठ्यांच्या उपासनेत तासभर बसून त्याला काही कळायचं नाही. म्हणून तो पायरीवर. त्या दिवशी मला त्याच्याबद्दल नव्याने काहीच कळलं नाही, कारण दीड-दोन महिने मी त्याला तिथेच पाहत होते. आम्ही चारही शिक्षक पाहत होतो. प्रत्येकाला वाटत होतं की पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, कोणीतरी बोललं असेल. कोणीच बोललं नव्हतं.

बालसेवेतल्या पुढाकाराबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्या पायरीपासून सुरू होतं. पुढाकार म्हटलं की नव्याने जबाबदारी घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं येतं: सुट्टीतलं शिबिर, नाताळचं नाटक, चित्रांनी रंगवलेल्या भिंती. तेही करावं. पण मुलांच्या वर्गात बहुतेक वेळा पुढाकार म्हणजे सगळ्यांना दिसलेली एक अडचण स्वतःच्या अंगावर घेणं आणि ती सुटेपर्यंत सोडून न देणं. हे शिकता येतं. तुम्ही रविवारच्या शाळेचे प्रमुख असा, एका वर्गाच्या शिक्षिका असा किंवा नुकतेच मदतीला आलेले असा, पायऱ्या त्याच आहेत.

## आधी तीन-चार रविवार नुसतं पाहा

बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधायला तिथे पोहोचला तेव्हा राजाची पत्रं त्याच्याजवळ होती. तरी आल्या आल्या त्याने काही जाहीर केलं नाही. तीन दिवस थांबला. मग रात्री मोजकी माणसं बरोबर घेऊन निघाला आणि कोट कुठे पडलाय, वेशी कुठे जळल्यात, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला. लोकांशी आणि अधिकाऱ्यांशी तो त्यानंतर बोलला. एवढा अधिकार हाताशी असलेला माणूस आधी पाहतो, मग बोलतो. आपणही तेच करायचं.

एक लहानशी वही ठेवा. पहिलं मूल येतं तेव्हा वर्गात मोठं माणूस हजर असतं का? उशिरा आलेल्या मुलाकडे कोण पाहतं? कोणतं मूल दर आठवड्याला भिंतीला टेकून एकटं बसतं? स्वच्छतागृहात जायचं असेल तर कोणाला विचारायचं हे लहानांना माहीत आहे का? वर्ग सुटल्यावर मुलं कोणाच्या हाती जातात, की नुसती पळत सुटतात? मागच्या महिन्यात नियमित येणारं कोणतं मूल या महिन्यात दिसलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षात आलं का?

लिहिताना निष्कर्ष लिहू नका, दिसलं ते लिहा. ‘मुलं फार दंगा करतात’ हा निष्कर्ष झाला. ‘गोष्ट सुरू होऊन बारा मिनिटं झाल्यावर मागच्या ओळीतली चार मुलं उठली’ हे दिसलेलं. पहिल्या वाक्याने फक्त राग येतो. दुसऱ्याने उपाय सुचतो: गोष्ट दहा मिनिटांत संपवावी, किंवा मध्येच मुलांना उभं करून काही करायला द्यावं. त्रोवस गावात प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने वाकला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. बोलणारा पौल होता तरी ऐकणाऱ्याला झोप लागली. सहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास न हलता बसवायचं आणि वर त्यालाच द्वाड ठरवायचं, हा त्या मुलावर अन्याय आहे.

या काळात प्रार्थनाही करा, आणि नावं घेऊन करा. ‘सर्व मुलांना आशीर्वाद दे’ ही प्रार्थना चांगलीच आहे, पण हजेरीपट समोर ठेवून एकेका नावापाशी थांबलात की आपल्याला कोणत्या मुलाबद्दल काहीच ठाऊक नाही ते लगेच उघडं पडतं. मला तरी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची खरी ओळख तिथे झाली.

## जुन्या शिक्षकांजवळ बसा

नव्या माणसाला वाटतं, इथे सगळं जुनाट चाललंय. काही खरंच जुनाट असतं. पण बऱ्याच गोष्टींमागे कारण असतं आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. एका वर्गात मागचं दार नेहमी बंद ठेवायचे आणि मला ते खटकायचं. विचारल्यावर कळलं की एकदा एक लहान मूल त्या दाराने थेट रस्त्यावर गेलं होतं. मी न विचारता दार उघडलं असतं, तर चांगल्या हेतूने धोका परत आणला असता.

वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना किंवा काकांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा. इथे आधी काय काय करून पाहिलं? त्यातलं काय टिकलं नाही, आणि का? तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. अनेकदा त्यांच्या मनात दहा वर्षांपासून एक कल्पना असते, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. ती कल्पना तुम्ही हाती घेतलीत आणि ‘ही बाईंची कल्पना’ असं सर्वांसमोर म्हणालात, तर तुमच्या कामाला पहिला सोबती तिथेच मिळाला.

## आपल्या हातात काय आहे ते ओळखा

पुढाकार घेणारी माणसं दोन प्रकारे अडचणीत येतात. काही जण खडू आणण्यासाठीही परवानगी मागत बसतात, आणि काही जण पाळकांना पत्ता न लागू देता मुलांना सहलीला नेतात. यातून वाचण्यासाठी मी कामांचे तीन वाटे करते.

पहिला वाटा, करून मोकळं व्हायचं. वर्ग झाडून बसायला मांडणं, पाण्याची सोय, तुटलेला फळा दुरुस्त करणं, न आलेल्या मुलाच्या आईवडिलांकडे चौकशी करणं, पुढच्या आठवड्याची गोष्ट आधीच तयार ठेवणं. यासाठी कोणाची वाट पाहू नका.

दुसरा, सांगून करायचं. गोष्टीआधी गाणी घेण्याऐवजी नंतर घेणं, पाठांतराचं वचन (बायबलमधली ओळ) शिकवण्याची पद्धत बदलणं, मोठ्या मुलांना कामं वाटून देणं. इथे प्रमुखांना आणि सहशिक्षकांना आधी कल्पना द्या, त्यांचं ऐका, मग करा. सांगणं म्हणजे उपासना सुटल्यावर दारात घाईत बोललेलं अर्धं वाक्य नव्हे.

तिसरा, विचारल्याशिवाय करायचंच नाही. पैसा, मुलांना चर्चच्या आवाराबाहेर नेणं, वर्गाची वेळ किंवा वयोगट बदलणं, नवा स्वयंसेवक मुलांमध्ये आणणं, बाहेरचा वक्ता बोलावणं, शिकवण्याचा अभ्यासक्रम बदलणं, मुलांचे फोटो कुठेही टाकणं. मंडळीमध्ये पाळक आणि मंडळीचे वडील (जबाबदार ज्येष्ठ) किंवा कमिटी या गोष्टींसाठी उत्तर देणार असतात. जे उत्तर देणार आहेत त्यांना अंधारात ठेवून केलेलं काम चांगलं निघालं तरी विश्वास मोडतो, आणि मोडलेल्या विश्वासाची झळ पुढच्या शिक्षकाला लागते.

तुमच्या मंडळीत ही विभागणी थोडी वेगळी असेल. म्हणून पहिल्याच महिन्यात प्रमुखांबरोबर बसून आपली यादी करून घ्या.

## एकच गोष्ट निवडा, आणि लहान निवडा

वहीत एव्हाना पंधरा गोष्टी साठल्या असतील. त्यातली एक घ्या. निवडताना मी स्वतःला विचारते: ही सुटली तर मुलांना फरक कळेल का? की फक्त मोठ्यांना छान वाटेल? आणि सहा आठवड्यांत ती पूर्ण होऊ शकेल का?

रविवारच्या शाळांची चळवळ ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते रॉबर्ट रेक्स पाळक नव्हते. ते इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात वर्तमानपत्र चालवायचे. आठवडाभर कामाला जुंपलेली मुलं रविवारी रस्त्यावर भटकताना त्यांना दिसत होती. १७८० मध्ये त्यांनी सुरुवात केली ती एका बाईच्या घरात, शिकवणाऱ्यांना मेहनताना देऊन, आणि थॉमस स्टॉक या स्थानिक धर्मगुरूंची साथ घेऊन. वर्तमानपत्र स्वतःचं असूनही त्यांनी या कामाबद्दल त्यात छापलं ते १७८३ मध्ये. आधी तीन वर्षं काम, मग बातमी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण आज आपण वर्ग सुरू होण्याआधीच त्याची जाहिरात तयार करतो.

पायरीवरच्या त्या मुलासाठी आम्ही ‘किशोरवयीन विभाग’ वगैरे काही उघडला नाही. दहा वर्षांपुढची तीन मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस आणि बाजूची लहान खोली, एवढीच सुरुवात होती.

## पाळकांकडे तक्रार नको, तयार कागद न्या

‘पाळकसाहेब, मोठ्या मुलांसाठी काहीतरी करायला हवं’ असं म्हणून आपण काय करतो? आपलं ओझं त्यांच्या टेबलावर ठेवून मोकळे होतो. त्यांच्यापुढे आधीच आजारी माणसं, लग्नं, अंत्यविधी आणि रविवारचा संदेश असतो. ते ‘बघू’ म्हणतात, आणि आपण घरी येऊन म्हणतो की इथे कोणाला मुलांची पर्वा नाही.

नहेम्याने राजाकडे काय मागितलं ते पुन्हा वाचा. त्याने चार महिने प्रार्थनेत काढले होते, त्यामुळे राजाने ‘तुला काय हवं?’ म्हणताच उत्तर तयार होतं. किती दिवस जाणार ते सांगितलं, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली, आणि लाकूड कोणत्या कामासाठी, कोणाकडून हवं तेही सांगितलं. एवढं नेमकं मागितलं की राजाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

एका पानावर मावेल इतकंच लिहा. नमुना असा:

*गेल्या चार रविवारी दहा ते तेरा वयाची तीन ते पाच मुलं वर्गात न बसता बाहेर थांबलेली दिसली. त्यांच्याशी आणि दोघांच्या आईवडिलांशी बोलले. आत लहानांचं चालतं म्हणून त्यांना यावंसं वाटत नाही. पुढच्या महिन्यापासून सहा रविवार त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत वेगळा वर्ग घ्यावा असं सुचवते. मार्काचं शुभवर्तमान मुलांबरोबर क्रमाने वाचू. शिकवायला मी आणि अमुक बहीण, दोघी तयार आहोत. लहानांच्या वर्गाला माझ्या जागी अमुक भाऊ येतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. खर्च: वह्या आणि पेन्सिली. आपल्याकडून हवं: खोलीची किल्ली आणि आईवडिलांसाठी एक घोषणा. सहा आठवड्यांनी मुलांची हजेरी आणि त्यांचं म्हणणं आपल्यापुढे ठेवीन. उपयोग होत नसेल तर थांबवू.*

‘लहानांच्या वर्गाला माझ्या जागी’ या वाक्याकडे लक्ष द्या. नवं काही सुरू करणारा माणूस जुनी जागा रिकामी करून जातो आणि त्या भगदाडाचा विचारच करत नाही. पाळकांच्या मनात तोच प्रश्न पहिला येतो. त्याचं उत्तर कागदावर असलं की अर्धी चर्चा संपते. आणि ‘थांबवू’ हे शेवटचं वाक्य भीतीपोटी घालायचं नाही. सहा आठवड्यांपुरता होकार देणं कमिटीला सोपं जातं, कायमचा देणं कठीण.

उत्तर ‘नाही’ आलं तर? कारण विचारा आणि लिहून घ्या. कधी वेळ चुकीची असते, कधी खोली खरंच नसते, कधी तुमच्याबद्दल अजून पुरेसा भरवसा नसतो. भरवसा नसेल तर पहिल्या वाट्यातली कामं सहा महिने चोख करा. मंडळीत लोक काम पाहून भरवसा ठेवतात. पाठीमागे गट करून दबाव आणू नका. मोठ्यांमधली ओढाताण मुलांना फार लवकर कळते.

## जिथे वाट पाहायचीच नाही

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की वर सांगितलेला सगळा संयम बाजूला ठेवा. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं प्रभू येशूने म्हटलं आहे. त्याच्या तोंडचे इतके कठोर शब्द फार थोडे आहेत.

काही गोष्टी पहिल्याच रविवारपासून ठरवून टाका. मुलांबरोबर बंद खोलीत एकटं मोठं माणूस कधीही नसावं. कमीत कमी दोघं हवेत, आणि शक्यतो ते एकाच घरातले नसावेत. दुसरा माणूस आला नाही तर दार सताड उघडं ठेवा किंवा दोन वर्ग एकत्र करा. एखाद्या मुलाशी वेगळं बोलायचं असेल तर सर्वांच्या नजरेसमोर बोला. स्वच्छतागृहाकडे लहानांना कोणी आणि कसं न्यायचं, हे आईवडिलांना सांगून ठरवलेलं असावं. हजेरीपटात मुलाच्या नावापुढे घरचा संपर्क, कोणत्या गोष्टीची ॲलर्जी, कोणतं औषध आणि वर्ग सुटल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचं, हे लिहिलेलं असावं. ओळखीचं माणूस आहे म्हणून यादीत नसलेल्याच्या हाती मूल देऊ नका. मोठ्या मुलांशी फोनवर खासगी निरोपानिरोपी करू नका. निरोप आईवडिलांच्या गटात टाका.

नवा माणूस मदतीला येतो म्हणाला की आनंद होतो, आणि त्या आनंदात चौकशी राहून जाते. मंडळीत किमान काही महिने दिसलेला, पाळकांना ठाऊक असलेला आणि आधी जिथे सेवा केली तिथून ज्याच्याबद्दल विचारून घेतलं आहे, असाच माणूस मुलांमध्ये आणा. चांगल्या माणसाला या चौकशीचा राग येत नाही.

आणि सर्वांत कठीण प्रसंग: एखादं मूल तुम्हाला सांगतं की कोणीतरी त्याला दुखावतं, मारतं, किंवा नको तसा स्पर्श करतं. अशा वेळी काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. शांतपणे ऐका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी म्हणा, ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगेन.’ खोदून खोदून प्रश्न विचारू नका आणि उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. मूल गेल्यावर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख आणि वेळ घाला. त्याच दिवशी मंडळीत या कामासाठी नेमलेल्या माणसाला सांगा आणि तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला जाऊन जाब विचारू नका. ‘मंडळीचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं कोणी म्हणालं, मग ते कितीही मोठ्या मानाचं माणूस असो, ऐकू नका. मुलापेक्षा मंडळीचं नाव मोठं नाही.

तुमच्या मंडळीत असे लेखी नियम नसतील, तर तुमचा पहिला प्रस्ताव हाच असू द्या. बाकी सगळं नंतर.

## माणसं कशी मिळवायची

व्यासपीठावरून ‘रविवारच्या शाळेला शिक्षकांची गरज आहे’ अशी घोषणा झाली की प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहतो. माणसं घोषणेने येत नाहीत, विचारल्याने येतात. आणि विचारताना काम मोजून द्यावं लागतं. ‘मुलांमध्ये सेवा कराल का?’ या प्रश्नात किती वर्षं, किती वेळ, काय काय, काहीच कळत नाही, म्हणून उत्तर ‘प्रार्थना करून सांगतो’ असं येतं. त्याऐवजी: ‘भाऊ, पुढचे चार रविवार वर्गाच्या आधी वीस मिनिटं दारात उभं राहून मुलांची हजेरी घ्याल का? शिकवायचं नाही.’ याला हो म्हणता येतं.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा त्याचे सासरे इथ्रो म्हणाले की तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमली गेली. दहांवरचा माणूस ही माझ्या मते त्या योजनेतली सर्वांत महत्त्वाची नेमणूक. दहा मुलांना नावाने ओळखणारं एक माणूस असलं, की कोणतं मूल पायरीवर बसलंय ते पहिल्याच रविवारी कळतं.

नव्या मदतनिसाला थेट वर्ग सोपवू नका. पहिले दोन रविवार तो पाहील, पुढचे दोन तो गाणं किंवा वचन घेईल, मग तुम्ही मागे बसा आणि तो गोष्ट सांगेल. वर्गानंतर पाच मिनिटं बोला: एक चांगलं झालेलं, एक सुधारायचं. त्याहून जास्त नको.

कुरकुरणाऱ्या पालकांनाही यात ओढता येतं. ज्यांना वर्गातली उणीव सर्वांत आधी दिसते, त्यांना मुलांची काळजी असतेच. त्या काळजीला एखादं काम द्या.

## तयार पिशवी

ही लहानशी गोष्ट, पण हिने मला अनेकदा वाचवलं आहे. रविवारी सकाळी शिक्षिका आजारी पडतात, निरोप उशिरा येतो आणि पंचवीस मुलं वर्गात येऊन बसलेली असतात. अशा दिवसासाठी एक पिशवी कायम भरून ठेवा. तिच्यात कोणत्याही वयाला चालेल अशी एक गोष्ट पूर्ण टाचणासह, त्या गोष्टीचे चार-पाच प्रश्न, एक वचन मोठ्या अक्षरांत, कोरे कागद, रंगखडू, दोन-तीन सोप्या खेळांची पद्धत लिहिलेली चिठ्ठी, आणि हजेरीपटाची प्रत.

गोष्ट कोणती? मी शमुवेलाची ठेवते. रात्री देवाची हाक ऐकून, ती म्हाताऱ्या याजक एलीची समजून, मुलगा तीनदा त्याच्याकडे धावतो. तिथे मुलांना उठवून धावायला लावता येतं, त्यामुळे बिनतयारीच्या शिक्षकालाही ती जमते. पिशवी वापरली की त्याच आठवड्यात पुन्हा भरायची. ते एका माणसाचं काम असावं, नाहीतर दुसऱ्या वेळी उघडल्यावर तिच्यात फक्त तुटके खडू सापडतात.

## घराकडे जाणारी चिठ्ठी

रविवारी मूल आपल्याकडे एक तास असतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवण्याचं काम घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना करायला सांगितलं आहे, म्हणजे ते घरच्यांना सांगितलं आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वासही आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो.

म्हणून वर्ग सुटताना मुलाबरोबर दोन ओळींची चिठ्ठी द्या. ‘आज आम्ही जक्कयाची गोष्ट ऐकली. घरी विचारा: येशू घरी आल्यावर जक्कयाने काय परत केलं, आणि का?’ मोठा मजकूर कोणी वाचत नाही. एका प्रश्नावर जेवताना बोलणं होऊ शकतं. ज्या घरात आईवडील मंडळीत येत नाहीत, तिथे ही चिठ्ठी हळुवार शब्दांत लिहा. ते मूल आपल्याकडे पाठवतात, हाच मोठा विश्वास आहे.

## मुलांनाही पुढे येऊ द्या

पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळ होते. येशूचा शिष्य आंद्रिया याने हजारोंच्या भुकेल्या जमावातून त्याला पुढे आणलं, पण इतक्यांना ते कसं पुरणार, अशी शंकाही त्याच श्वासात बोलून दाखवली. आपलंही तसंच होतं. मुलांनी काही सुचवलं की आपण आधी ते कसं जमणार नाही ते सांगतो.

दहा वर्षांपुढच्या मुलाला खरं काम द्या. नव्या मुलाशेजारी बसायचं, हजेरी घ्यायची, वचन वाचायचं, लहानांना रंग वाटायचे. ते चुकलं तर हातातून काढून घेऊ नका. पायरीवर बसणारा आमचा मुलगा तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, ‘मी दारात उभा राहू का? बाहेर बसणारी मुलं मला ओळखू येतात.’ आम्हा चौघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. त्याने पुढच्या दोन रविवारी दोघांना आत आणलं.

## सहा आठवड्यांनंतर

ठरल्या दिवशी पाळकांकडे जा, त्यांनी बोलावलं नसलं तरी. काय झालं आणि काय झालं नाही, ते सारखंच स्पष्ट सांगा. हजेरी एवढंच माप धरू नका. मुलं काय विचारतात, घरी काय बोलतात, एकटं बसणारं मूल आता कोणाशेजारी बसतं, हेही सांगा.

एखादी गोष्ट जमली नाही तर बंद करा आणि बंद केल्याचं सर्वांना कळवा. मी एकदा शनिवारची गाण्यांची तालीम सुरू केली होती. मुलांना शाळेचा अभ्यास होता, येणारी मुलं दोनावर आली, तरी मी आठ महिने ती ओढत राहिले, कारण थांबवणं म्हणजे हार वाटत होतं. त्या आठ महिन्यांत दोन शिक्षक दमून सोडून गेले. पाचव्या आठवड्यात थांबवली असती तर ते दोघं आजही वर्गात असते. याची खंत मला अजून आहे.

जमली असेल, तर लगेच पुढच्या नव्या कामाकडे धावू नका. आधी ती तुमच्याशिवाय चालेल अशी करा. वही व्यवस्थित करा: वर्ग कसा चालतो, किल्ली कोणाकडे, साहित्य कुठे, कोणत्या मुलाला काय चालत नाही, पालकांशी काय ठरलं आहे. मुलांबद्दलच्या खासगी गोष्टी त्या वहीत नकोत. त्या पाळकांजवळ वेगळ्या ठेवायच्या. मग एक रविवार ठरवा, तुमच्या सहकाऱ्याला आधी सांगा, आणि त्या दिवशी मागच्या ओळीत मुलांमध्ये जाऊन बसा. मध्ये बोलू नका, काही विसरलं तरी खूण करू नका. वही मांडीवर असू द्या, आणि जे दिसेल ते लिहीत राहा.